बारावी सुई

तालिया गेली हे गल्लीला सकाळी सात वाजता कळलं. तिची सुई गेली हे कळायला आणखी आठ दिवस लागले. पहिली बातमी ऐकून लोक रडले. दुसरी ऐकून लोकांनी घरातसुद्धा चपला घालायला सुरुवात केली.

नवव्या दिवसाची शेवटची प्रार्थना नुकतीच संपली होती. लोला बास्तियानानं जपमाळ गुंडाळून ठेवली आणि ती गुडघे चोळत बसली. ती सगळ्या गल्लीची लोला, म्हणजे आजी; कुणी गेलं की नऊ दिवस प्रार्थना सांगायला तिलाच बोलावत. ब्याऐंशी वर्षांची झाली तरी तिचा आवाज पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा. बायकांनी शेवयांची पातेली उघडली. आणि चारिंगनं तालियाची शिवणाची पेटी मांडीवर घेतली.

चारिंग आणि तालिया दोघींनी ताय्ताय गावातल्या एकाच शिलाई कारखान्यात एकतीस वर्षं काढली होती. तालिया मशीनवर, चारिंग माल तपासणारी चेकर. शिवाय चारिंगच्या मुलाची तालिया बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. त्यामुळे त्या एकमेकींना 'कुमारे' म्हणायच्या आणि तालियाचा नवरा तेम्यो चारिंगचा 'कुम्पारे' होता. एवढं नातं असलं की माणूस दुसऱ्याची पेटी न विचारता उघडतो.

"अकरा," चारिंग म्हणाली.

कुणी लक्ष दिलं नाही. शेवया गरम होत्या.

"अहो, अकराच आहेत!" ती ओरडली. "कुम्पारे, बारावी कुठंय?"

तेम्योच्या हातातला काटा ताटलीवर पडला.

इथं सुईचं प्रकरण सांगायला हवं. त्यांच्या कारखान्याचा माल परदेशी जायचा आणि तिथं सुई तुटणं म्हणजे घरात साप निघण्यासारखं होतं. तुटली की मशीन बंद. सगळे तुकडे शोधायचे, चिकटपट्टीनं कार्डावर लावायचे, चेकरला दाखवायचे, मगच नवी सुई. टोक सापडलं नाही तर त्या दिवशीचा सगळा गठ्ठा जाळायचा. मोजणी एकट्यानं करायची नाही. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं 'बरोबर' म्हणायचं. दुजोऱ्याशिवाय मोजणी धरतच नसत.

नोकरी सुटली, पण तालियानं हा नियम घरी आणला. रोज जेवण वाढायच्या आधी ती सुया उशीत एकेक करून टोचायची, मोठ्यानं मोजायची आणि 'बारा' म्हणून थांबायची. तेम्यो घरात जिथं असेल तिथून त्यानं 'बरोबर' म्हणायचं. मग भात.

शेवटच्या संध्याकाळी तेम्यो टीव्हीवर बास्केटबॉल बघत होता. दोन मिनिटं उरली होती आणि त्याचा संघ एका गुणानं मागं होता. मागं तालिया मोजत होती. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "अकरा."

"बरोबर," तेम्यो म्हणाला.

ती आपल्याकडे बघते आहे हे त्याला कानाच्या पाळीवर कळलं, पण चेंडू हवेत होता. मग ती "बरं," म्हणाली, पेटी बंद केली आणि भात वाढला. सकाळी ती उठली नाही.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला नीट ऐकू आलं नसेल, ती बाराच म्हणाली असेल, अशी समजूत घालत त्यानं आठ दिवस काढले होते. आता चारिंगनं मोजलं होतं.

"कुठंतरी पडली असेल," तो म्हणाला.

"तालियाच्या हातून?" चारिंग म्हणाली. "तुझ्या हातून तू पडशील, तिच्या हातून सुई पडणार नाही. ताऱ्यात गेली असणार."

सगळ्यांनी एकदम खिडकीकडे बघितलं. तिथं तालियानं केलेला तारा टांगलेला होता.

गल्लीत एकशे चव्वेचाळीस घरं. तालिया दर वर्षी नाताळसाठी घरटी एक असे एकशे चव्वेचाळीस तारे करायची. तळहाताएवढी पाच टोकांची गोधडीच ती. दोन थर, टाके तांदळाच्या दाण्याहून बारीक, पोटात भर घातलेली आणि खाली लेस-गोंड्यांच्या दोन शेपट्या. कापड विकतचं नाही. तेम्यो त्याच कारखान्यात कटिंग मास्तर होता. चाळीस-चाळीस थर एकावर एक मांडून यंत्राच्या सुरीनं कापायचा आणि टेबलाखाली पडलेलं कातरण पोत्यात भरून घरी आणायचा. तो कापायचा, ती जोडायची. त्यानं स्वतः आयुष्यात एक बटणही लावलं नव्हतं. इथं सप्टेंबर लागला की नाताळ सुरू होतो, पण यंदा तिचे हात दुखत होते. तारे वाटायला एक नोव्हेंबर, संतांचा दिवस उजाडला, म्हणजे ती जायच्या आधी जेमतेम पाच दिवस. त्यानंतरही शेवटच्या दिवसापर्यंत ती सुई घेऊन घरोघरी हिंडत होती, शेपट्यांचे टाके पक्के करत.

"म्हणजे," कपिताना प्युरिता शेवयांची ताटली खाली ठेवत म्हणाली, "माझ्या हद्दीत एकशे चव्वेचाळीस संशयित आहेत."

कपिताना म्हणजे त्या भागाची निवडून आलेली प्रमुख. ती आली होती शोक व्यक्त करायला, पण काम दिसलं की तिला शोक सुचत नसे.

"कपिताना, पोरं त्या शेपट्या चोखतात हो!" राखणदार दोदिंग म्हणाला. "माझी नात तर दिवसभर तोंडात घालून असते."

एवढ्यावर शेवया संपल्या. लोक घरी गेले आणि त्यांनी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर पत्र्याखाली टेबलं मांडली गेली. लोक आपापला तारा घेऊन रांगेत उभे राहिले. कुणी प्लास्टिकच्या डब्यात आणला होता, कुणी स्वयंपाकाच्या चिमट्यात धरून. चारिंगनं कारखान्यातलं घोड्याच्या नालासारखं लोहचुंबक आणलं होतं. निरोप समारंभात ते तिला मिळालं होतं का तिनं उचललं होतं, हे कुणी विचारलं नाही.

पहिला तारा ठेवला. चुंबक टपकन चिकटलं.

"सापडली!" दोदिंग कर्ण्यातून ओरडला. टाळ्या झाल्या. इतक्या लवकर ती सापडावी असं तेम्योला वाटत नव्हतं. का ते त्याला सांगता आलं नसतं.

खात्रीसाठी चारिंगनं दुसरा ठेवला. तोही चिकटला. तिसरा चुंबकाला असा लटकला की झटकावा लागला. विसाव्या ताऱ्यानंतर टाळ्या थांबल्या.

"कुम्पारे," चारिंगनं हळू विचारलं, "भर कसली घालायची ती?"

"कापूस ती विकत घ्यायची नाही," तेम्यो म्हणाला. "मी झाडलोट आणायचो. दोऱ्यांची टोकं, इलॅस्टिकचे तुकडे..."

"कुठल्या विभागाची झाडलोट?"

तेम्यो पायांकडे बघू लागला. "आतल्या कपड्यांच्या."

चारिंगनं डोळे मिटले. मग ती दोदिंगच्या कानात काहीतरी म्हणाली. दोदिंगनं कर्णा तोंडाला लावला. "सर्व रहिवाशांना कळवण्यात येतं की सगळ्या ताऱ्यांमध्ये ब्रेसियरचे हूक आहेत. कृपया शांतता राखा."

"पाद्रीबाबांच्या ताऱ्यातपण?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"त्यांच्या ताऱ्यात जास्त असतील," दुसरी म्हणाली, "तो मोठा केलाय."

हसून हसून रांग मोडली. तेम्योसुद्धा हसला, नऊ दिवसांत पहिल्यांदाच. मग तालियाला हे सांगायला हवं असं त्याला वाटलं आणि तो पाणी प्यायच्या निमित्तानं नळाकडे गेला.

चुंबक निकामी ठरल्यावर एकच मार्ग उरला. कपितानानं ठराव लिहिला, शिक्का मारला: प्रत्येक तारा उसवून तपासावा. चारिंग बारीक पात्याचं हत्यार घेऊन बसली. दोन दिवसांत तिनं एक्केचाळीस तारे उघडले. तेम्यो समोर स्टुलावर बसून होता. त्याला जा म्हणण्याचं धाडस कुणी केलं नाही. टाका तुटताना होणारा बारीक आवाज त्याला ऐकू येत होता. एकेका ताऱ्याला तालियाला दोन संध्याकाळी लागायच्या; चारिंगला दोन मिनिटं पुरत होती.

पोटांतून हूक निघाले, झिपांचे दात निघाले, एका ताऱ्यातून कुणाचं तरी हरवलेलं कानातलं निघालं आणि त्याच्यावर तीन बायकांनी हक्क सांगितला. तेविसाव्या ताऱ्यातून घडी घातलेला पिवळा कागद निघाला. तो कारखान्यातला 'माल नापास' असा शेरा होता, खाली चारिंगचीच सही. पुढच्यातही एक. त्याच्या पुढच्यात दोन.

"हे काय?" कपितानानं विचारलं.

"भर," चारिंग म्हणाली आणि कागद खिशात घातले. थोड्या वेळानं तिनं तेम्योकडे न बघता विचारलं, "ती चिडायची का रे माझ्यावर?"

"रोज," तेम्यो म्हणाला. "घरी आली की आधी तुला शिव्या, मग आंघोळ."

"तोंडावर कधी बोलली नाही."

"तोंडावर काय बोलणार? तू कुमारे होतीस."

चारिंगनं नाक ओढलं आणि पुढचा तारा उघडला. सुई कशातच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी लोला बास्तियाना काठी टेकत मैदानावर आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"थांबवा," ती म्हणाली. "शिवणारणीचा जीव दोऱ्यात असतो. दोरा सुईत असतो. चाळीस दिवस व्हायच्या आत सुई भलत्या हातानं बाहेर काढलीत तर तालिया तशीच उघड्यावर येईल. मग कुठं जाईल बिचारी?"

"लोला, हे कुठं लिहिलंय?" कपितानानं विचारलं.

"मी सांगत्येय ना!"

एवढं पुरलं. राहिलेल्या एकशे तीन घरांनी आपापले तारे उचलले आणि घरी नेले. आणि मग खरा घोळ सुरू झाला. सुई जिथं असेल तिथं तालिया, हे लोलानं सांगून टाकलं होतं. एक्केचाळीस घरांत ती नव्हती हे सिद्ध झालं होतं. म्हणजे उरलेल्यांपैकी एकात ती नक्की होती. आपलं घर ते नसेल असं मानायला कुणी तयार नव्हतं.

पहिला आला दोदिंग. तो तेम्योला कुया, म्हणजे दादा म्हणायचा आणि तालियाला आते, म्हणजे ताई. "कुया तेम्यो, सांगू का नको कळत नाही. आते तालिया आमच्याकडे आहे."

"कशावरून?"

"काल तारा भिंतीकडे तोंड करून बसला. बायकोनं अदोबोच्या रश्शात व्हिनेगर जास्त घातलं होतं ना, तेव्हापासून."

तेम्यो गेला. करणार काय? दोदिंगच्या खिडकीत तारा खरोखरच भिंतीकडे वळलेला होता. पंखा जोरात चालू होता. त्याला खुर्ची दिली, ताऱ्यासमोर भाताची बशी ठेवली आणि सगळे दाराआड जाऊन उभे राहिले. तेम्यो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "आपल्या नळाचा वायसर गेलाय." तारा हळूच त्याच्याकडे फिरला. दाराआडून हुंदका ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या घरातून बोलावणं आलं. तिथं तालियानं म्हणे स्वप्नात येऊन गटार शेजाऱ्यांनी साफ करावं असं सांगितलं होतं. शेजाऱ्यांच्या घरातल्या तालियानं हे साफ नाकारलं. तिच्या मते गटार पहिल्यांचंच होतं. दोन्ही घरं तेम्योकडे निवाड्याला आली.

"तालियानं कुणाला गटार साफ कर म्हटलं नसतं," तेम्यो म्हणाला. "तिनं स्वतः केलं असतं आणि मग आठवडाभर मला बोलून दाखवलं असतं."

"म्हणजे ती दोन्हीकडे नाही?" दोघंही हिरमुसले.

"मला काय माहीत!"

पण तो जात राहिला. रोज तीन-चार घरं. कुठं ती त्याच्यावर खूश होती, कुठं तिला केसांना मेंदी लावून हवी होती. एका घरात तर ती कपितानाच्या विरोधात मत द्या म्हणाली. कुणाच्या घरातल्या तालियाशी त्याच्या तालियाचा संबंध नव्हता. तरी प्रत्येक घरात टाके तिचेच होते. खुर्ची दिली की तो ताऱ्याजवळ सरकायचा आणि चष्मा वर करून टाके बघायचा. सुरुवातीचे सरळ, एकसारखे. ऑक्टोबरमध्ये केलेल्या ताऱ्यांत ते जरा लांब झालेले. एक-दोन ताऱ्यांत टाका चुकून परत घातलेला दिसत होता. हात इतके दुखत होते हे तिनं सांगितलं होतं. त्यानं मलम आणून दिलं होतं. टाके तेव्हा बघितले नव्हते.

कुठल्याच घरात त्यानं 'अकरा'बद्दल विचारलं नाही. जिला विचारायचं ती कुठल्या घरात होती हेच ठरत नव्हतं.

घरोघरी तालियाला भात वाढला जाऊ लागला, तेव्हा चारिंगची सहनशक्ती संपली. ती कपितानाकडे गेली.

"कपिताना, तिथं आत माझी मैत्रीण नाही, सुई आहे. एखाद्या पोराच्या घशात गेली तर तुम्ही ठरावाचा कागद चोखणार का?"

"मग काय करू? लोक उघडू देत नाहीत."

"नियम आहे. टोक सापडलं नाही तर गठ्ठा जाळायचा. एकतीस वर्षांत मी सुई हरवलेला गठ्ठा पुढं जाऊ दिला नाही. तिच्याच बाबतीत जाऊ देऊ?"

कपितानानं दुसरा ठराव लिहिला. चाळिसावा दिवस पंधरा डिसेंबरला येत होता. दुसऱ्या दिवसापासून चर्चमध्ये पहाटेच्या नऊ मिस्सा सुरू, म्हणजे गल्लीत पोरांची गर्दी. तोवर सुई सापडली नाही तर लोलाच्या म्हणण्याप्रमाणे तालियाला चाळीस दिवस पूर्ण करू द्यावेत आणि त्याच दुपारी सगळे तारे, उघडे आणि बंद, पिंपात घालून जाळावेत. लोलानं मान डोलावली. धुराबरोबर जीव सरळ वर जातो, ती म्हणाली, उलट सोयीचंच.

"कुम्पारे, तुझी सही लागेल," चारिंग म्हणाली. "मोजणारी नाही आता. दुजोरा देणारा तूच."

"चाळिसाव्या दिवशी करतो," तेम्यो म्हणाला.

त्यानंतर त्यानं घर झाडून काढलं. पलंग उलटा केला, तांदळाचा डबा परातीत ओतला, न्हाणीच्या मोरीत हात घातला. टीव्ही उघडून बघितला. तो नंतर लागेना. सुई नव्हती. चौदा तारखेला तो जमिनीवर पालथा पडून कपाटाखाली विजेरी मारत होता, तेव्हा चारिंग दारात आली. तिनं केळीच्या पानात चिकट भात आणला होता.

"ऊठ. पाठ धरेल."

"सापडली नाही तर तू ते सगळं जाळणार?"

"हो."

"एक्केचाळीस तर उघडून बघितलेत. त्यात नाही."

"नियमात 'सगळा गठ्ठा' आहे."

"चारिंग, तिचे हात आहेत ते."

तिनं पान जमिनीवर ठेवलं. "माहीत आहे रे," ती म्हणाली. "म्हणूनच नियमानं करत्येय. नियम नसता तर माझ्यानं एकसुद्धा उसवला नसता."

चाळिसाव्या दिवशी मैदानावर पुन्हा टेबलं लागली. तांदळाची खीर, शेवया, तळलेले मासे, सगळं होतं. मधोमध पिंप. एकशे तीन घरांनी आपापली तालिया आणली होती. काहींनी तिला फुलं वाहिली होती. दोदिंगची नात रडत होती. तिच्या हातातून तारा काढायला तिघं लागली होती. लोलानं प्रार्थना संपवली. कपितानानं काडेपेटी काढली. चारिंगनं कागद टेबलावर ठेवला आणि तेम्योपुढं पेन धरलं.

त्यानं पेन घेतलं नाही.

"मला सांगायचंय," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू येईना म्हणून दोदिंगनं कर्णा त्याच्या तोंडापुढं धरला. त्यामुळे पुढचं सगळं गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं. "शेवटच्या रात्री तिनं मोजलं होतं. अकरा म्हणाली. मी बास्केटबॉल बघत होतो. मी बरोबर म्हणालो."

कपितानानं काढलेली काडी परत पेटीत ठेवली.

"तिला माहीत होतं एक कमी आहे. ती मला सांगत होती. मी मान वळवून बघितलं असतं तर तेव्हाच शोधली असती. कुठं गेली ते तिला आठवत असणार. माझ्यानं बघणंही झालं नाही."

"जिंकले का?" मागून कुणीतरी विचारलं. त्याला शेजाऱ्यानं कोपर मारलं.

"हरले," तेम्यो म्हणाला.

चारिंगनं कागद उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "थांब," ती म्हणाली. "तिनं किती म्हटलं?"

"अकरा."

"आणि तू?"

"बरोबर. पण मी बघितलं नव्हतं चारिंग."

"बघितलं का हे मी विचारलं नाही. एकतीस वर्षं मी दुजोऱ्याच्या सह्या केल्या. रोज संध्याकाळी दोनशे सुया. कोण बघत होतं?" ती जमलेल्या लोकांकडे वळली. त्यांतल्या निम्म्या बायका त्याच कारखान्यातल्या. कुणी वर बघेना. "मोजणाऱ्याचा आकडा आणि दुजोरा जुळले की नोंद बंद होते. सुई कमी असेल तर दुजोरा देणारा 'चूक' म्हणतो, मग शोध सुरू होतो. तू चूक म्हणालास?"

"नाही."

"मग अकरा बरोबर. नोंद त्याच रात्री बंद झाली. सुई हरवलेलीच नाही."

"मग बारावी?" कपितानानं विचारलं.

"कुठली बारावी?" चारिंग म्हणाली.

कपितानानं काडेपेटीकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं, खिरीवर बसू पाहणाऱ्या माश्यांकडे बघितलं. "आणि पोरं?"

"तारे उंच टांगा. मोठ्या माणसाचा हात पुरेल इतके. पोरांनी चोखायची वस्तू नाही ती, मी सुरुवातीपासून सांगत्येय."

तिनं हे सुरुवातीपासून सांगितलं नव्हतं, पण कपितानानं शिक्का मारला. कागदावर लिहिलं: एकूण सुया अकरा, हरवलेल्या शून्य. तेम्योनं खाली सही केली. चाळीस दिवस त्याला झोप नव्हती. सही वाकडी आली.

लोला बास्तियानानं आकाशाकडे हात जोडले. "गेली," ती म्हणाली. एकशे तीन घरांतले लोक जरा उदास झाले. दोदिंगची बायको तर म्हणाली, एवढ्या घाईनं जायचं काय होतं, आता कुठं तिला माझं अदोबो आवडायला लागलं होतं. मग सगळे जेवले.

घरी जाताना तेम्यो आणि चारिंग बरोबर चालले. पिशवीत तिनं उघडलेले तारे होते. पोटं रिकामी, शेपट्या लोंबणाऱ्या.

"चारिंग, ती मला सांगतच होती ना? अकरा म्हणून?"

"सांगत असेल. नाहीतर तिला भूक लागली असेल. तुझ्या बास्केटबॉलपायी कधी लवकर जेवलात तुम्ही?"

"नंतर 'बरं' म्हणाली."

"मग बरंच असेल," चारिंग म्हणाली. त्याचं समाधान झालं नाही. तिचंही झालेलं दिसत नव्हतं. ती दारात पिशवी ठेवून म्हणाली, "हे मी उसवलेत. मी शिवून देते. आठवड्यात होतील."

"नको."

"तू शिवणार? तू?"

"दाखव कसं ते."

तिनं दाखवलं. कडा आत दुमडायची, दोरा आतून घ्यायचा, टाका बाहेर दिसू द्यायचा नाही. तेम्योनं आयुष्यभर चाळीस थर एकदम कापले होते. दोन थर एकत्र धरायला त्याची बोटं तयार नव्हती. पहिल्या ताऱ्याला तीन दुपारी लागल्या. त्या घरची बाई तो घ्यायला आली, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "कुया, ह्याला सहा टोकं कशी झाली?" त्यालाही ते कळलं नव्हतं. चौथा तारा बसक्या बेडकासारखा झाला. तरी लोकांनी ते खिडकीत टांगले, हात पुरेल इतके उंच, आणि तालियाच्या सफाईशी तुलना करायची नाही असं गल्लीत न बोलता ठरलं. फक्त चारिंग यायची, खिडकीखाली उभी राहून मान वर करायची आणि मोठ्यानं म्हणायची, "नापास!"

पहाटेच्या मिस्सा झाल्या, नाताळ झाला, जानेवारीतला तीन राजांचा दिवसही होऊन गेला. एक्केचाळीसपैकी चौदा तारे शिवून झाले आहेत. सत्तावीस अजून उघडे आहेत.